कवडूची माती

फुलवंता मडावीला पांढरझरीत कोणी निवांत बसलेलं पाहिलं नव्हतं. पेजसुद्धा ती उभ्यानंच प्यायची. अंगणात सडा टाकता टाकता मधेच बादली ठेवून कुणाच्या तरी दारात जाऊन उभी राहायची, आणि परत येईपर्यंत कोंबड्या बादली लवंडून मोकळ्या व्हायच्या. गावात दोन घरांत वाजलं की तिला राहवायचं नाही. भांडण आपलं नाही, आपल्याला कोणी बोलावलेलं नाही, हे सगळं कळत असूनही पाय तिकडे वळायचेच. ग्रामपंचायतीनं तंटामुक्ती समिती केली तेव्हा एक बाई हवी म्हणून तिचं नाव घातलं. समितीच्या बैठकीत ती चहा करायची. तंटे मात्र बैठकीबाहेर, लोकांच्या ओसरीवर मिटायचे, आणि तिथं फुलवंता असायची.

देवरीहून छत्तीसगडकडे जाणारी बस हायवेवर सोडली की जंगलात एक फाटा शिरतो. तो जिथं संपतो तिथं हे गाव. बहुतेक घरं गोंडांची. नवरा गेल्यावर फुलवंता लेकराला काखेत घेऊन माहेरी परत आली होती. लेकरू मोठं होऊन नागपूरला कामाला लागलं आणि ती एकटीच राहिली. गावाच्या एका टोकाला थोरला भाऊ लालसिंग उईके राहायचा, दुसऱ्या टोकाला नाल्याच्या अंगाला धाकटी बहीण शामकला. फुलवंताचं घर बरोबर मधे. गेली दोन वर्षं त्या दोन टोकांमध्ये बोलणं नव्हतं, आणि हीच गोष्ट तिला एका जागी बसू देत नव्हती.

लालसिंग गावाचा भुमका, म्हणजे पुजारी. पेरणीच्या आधी बियाण्याची पूजा त्याच्या हातची, गावदेवाला कोंबडं त्याच्या हातचं, आणि मेलेल्या माणसाला पूर्वजांत नेऊन बसवायचं कामही त्याचंच.

शामकलाचा नवरा कवडू कुमरे या घरात आला तो लमझना म्हणून. मुलीच्या बापाला द्यायला काही नसलेला पोरगा त्याच्या घरी काही वर्षं राबतो आणि मग लग्न होतं, तो लमझना. कवडू आणि लालसिंग एका नांगरामागं वाढले, एका घोंगडीत झोपले. पुढं सासऱ्यानं नाल्याकाठची धानाची बांधी कवडूला दिली आणि, लालसिंगनं दुसऱ्या टोकाला नवं घर बांधल्यावर, जुन्या घराचा अर्धा भाग दिला. त्या भागात उईक्यांचे घरदेव होते. तेही त्याच्याच सांभाळात आले.

मग कवडूला दारू लागली. बैल गेला, शामकलाच्या पाटल्या गेल्या, पैंजण गेले, एकदा तिचा हात मोडला. लालसिंगनं देवापुढं नवस केला, वैदूचं औषध दिलं, एकदा कवडूला झाडाला बांधूनही ठेवलं. कशाचाच उपयोग झाला नाही. शेवटी शामकला सीमेपलीकडच्या एका गावात ख्रिस्ती लोकांच्या प्रार्थनेला जायला लागली. हट्टानं नवऱ्यालाही घेऊन गेली. तिथं काय झालं ते कवडूला कधी नीट सांगता आलं नाही. एका रविवारी तो खूप रडला, एवढंच सांगायचा. त्यानंतर त्यानं दारूला हात लावला नाही. गावातली आणखी तीन घरं त्यांच्यामागं प्रार्थनेला जायला लागली.

इथवर लालसिंग गप्प होता. दारू सुटल्याचा त्याला आनंदच झाला होता. पण एका सकाळी तो दार उघडून बाहेर आला तर उंबऱ्यावर नवी टोपली, वर स्वच्छ फडकं, आणि आत घरदेव. कवडूनं फार विचार करून ते केलं होतं. प्रार्थनेतल्या लोकांनी नाल्यात सोड म्हटलं होतं, त्यानं ते ऐकलं नाही, ज्यांचे देव त्यांच्या दारी आणून ठेवले. त्याच्या मते तो मान होता. लालसिंगला ते बापाचं प्रेत दारात आणून टाकल्यासारखं वाटलं.

त्या दिवसापासून बोलणं तुटलं. हळूहळू गावही मागं सरलं. बोअरिंगचं पाणी कुणी बंद केलं नाही, पण धानाच्या रोवणीला त्या चार घरांना कोणी हाक मारेना. लग्नाचा सांगावा येईना. ती माणसंही पूजेची वर्गणी देत नव्हती, प्रसाद घेत नव्हती. दोन्हीकडचे लोक फुलवंताच्या ओसरीवर येऊन तेच ते सांगायचे आणि ती ऐकता ऐकता उठून चुलीत उगाच लाकडं सारायची.

मे महिन्यात, तेंदूपत्त्याच्या दिवसांत, कवडू जंगलातच कोसळला. उन्हाचा तडाखा होता. लोकांनी त्याला बाजेवर घालून आणेपर्यंत सगळं संपलं होतं. फुलवंता पानांचं ओझं तिथंच टाकून धावत आली. शामकला नवऱ्याच्या पायाशी बसली होती. रडत नव्हती. तिनं बहिणीकडं पाहिलं आणि विचारलं, "बाई, दादा येईन का वो?"

दादा आला नाही. आला पोलीस पाटील दुर्गेश, आणि तोही दारातच घोटाळला. गावातली पोरं चिंचेखाली जमली होती. त्यांचं म्हणणं होतं, ज्यानं देव परत केले त्याची माती मरघटात, पूर्वजांना पुरलेल्या जागेत, होणार नाही. पोरांचा म्होरक्या उमेंद्र. देवरीला कॉलेज करून आलेला, बोलायला धारदार. त्यानं मरघटाच्या वाटेवर बैलगाडी आडवी लावून घेतली होती.

"तहसीलमध्ये फोन केला म्या," दुर्गेश खाली बघत म्हणाला. "ते म्हनतेत, तुमच्या बांधीत पुरा, वाद कायले वाढवता."

"बांधीत?" शामकला म्हणाली. "एकट्याले? जनावर पुरल्यावानी?"

बाहेर ऊन मी म्हणत होतं. प्रार्थनेतल्या एकानं मोटारसायकलवरून बर्फाची लादी आणली होती, ती पोत्याखालून ठिबकत होती. फुलवंतानं त्या ओल्या जमिनीकडं पाहिलं आणि ती निघाली.

लालसिंग घरामागं बसला होता. हातात कोयता होता पण कापायला समोर काही नव्हतं.

"दादा, कवडू गेला."

"मालूम हाय."

"मंग बसून काऊन राहिला?"

लालसिंगनं उत्तर गोंडीत दिलं. चिडला की तो गोंडीत बोलायचा. मी काय करू, तूच सांग, असं तो म्हणाला. मरघटात आपली आजी आहे, बाप आहे, मेलेली लेकरं आहेत. त्यांच्यात नवा माणूस ठेवायचा तर त्यांना विचारावं लागतं. धरतीला दारूचा थेंब द्यावा लागतो, नाव सांगावं लागतं. तसं न करता कुणाला पुरलं तर तो ना इकडचा ना तिकडचा, भटकत राहतो. मग लेकरं आजारी पडली, ढोरं मेली, तर लोक कुणाला विचारतील? उमेंद्रला नाही विचारणार. मला विचारतील.

फुलवंताला हे नवीन होतं. आजवर तिला वाटत होतं, दादा रागावला आहे. दादा घाबरलेला आहे हे तिच्या लक्षात आलं नव्हतं.

"इकडच्या प्रतापगडावर तू दर्ग्याले चादर चढवली होती," ती म्हणाली. "तवा नाई कोनी रागावलं."

"ते येगळं, फुला. दर्ग्यानं मले माहे देव सोडाले नाई सांगतलं."

 फुलवंता तशीच वळली आणि उन्हातून परत नाल्याकडं निघाली. वाटेत उमेंद्रनं हाक मारली, "मोठीमाय, तुमी कोनाच्या बाजूनं?" तिनं मान वळवली नाही.

शामकलाच्या घरी आता पलीकडून पास्टर आला होता. पंचविशीतला पोरगा, घामानं चिंब. तो फोनवर कुणाला तरी व्हिडिओ पाठवू का विचारत होता.

"भैया, फोन रख," फुलवंता म्हणाली. "पहले मिट्टी होने दो."

"दीदी, ये हमारा हक है," तो म्हणाला. आवाजात जोर होता पण नजर सारखी दाराकडं जात होती. त्याच्या आधीच्या गावात त्याला मार पडला होता, हे तिला नंतर कळलं.

फुलवंता बहिणीजवळ उकिडवी बसली. दादा काय म्हणतो ते तिनं सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. शामकलानं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "दादानं विचारलं तर विचारू दे. धरती त्याची बी हाय. पन दारू नाई, बाई. याच्या अंगावर एक थेंब पडला तर मी खड्ड्यात उडी टाकीन. हा मानूस दारूपासून कसा सुटला ते मी पायलं. रात-रातभर दात खाऊन राहाचा. आता मेल्यावर त्याच्या तोंडाले लावता?"

"दादा म्हनते दारूबिगर होतच नाई."

"मंग नको होऊ दे."

पुन्हा तेच. दोन टोकं आणि मधे ती. फुलवंता उठली, बसली, परत उठली. बर्फ अर्धा झाला होता. दुपार सरेपर्यंत काही झालं नाही तर देवरीहून पोलिसांची गाडी येणार होती. मग कवडू बंदोबस्तात जाणार, आणि तो गेल्यावर या गावात काही उरणार नाही, असं तिला आतून वाटायला लागलं.  दाराआड कवडूचीच कुदळ आणि फावडं उभं होतं. तिनं दोन्ही उचललं.

"कोठी चालली वो?" शामकलानं विचारलं.

 बैलगाडीच्या बाजूनं, काट्यातून वाट काढून ती मरघटात शिरली आणि बापाच्या दगडापासून थोडं अंतर सोडून तिनं कुदळ मारली. मेची जमीन, दगडासारखी कडक. कुदळ उसळून परत येत होती. मरघटात बाईनं जमीन उकरायची नसते. तिच्या माहितीत आजवर कुणी उकरली नव्हती. भीती वाटत होती, पण आपण थांबलो तर परत हात उचलायचा नाही हे तिला कळत होतं.

आधी पोरं धावत आली. उमेंद्र ओरडला, "मोठीमाय, सोडा! गावावर दोष आनता का?" तिला हात लावायचं धाडस मात्र कुणाचं होईना. मग बाया आल्या, दुर्गेश आला. त्यांच्यामागून लालसिंग आला, अनवाणी, कोयता तसाच हातात.

"फुला, ठेव ते."

"नाई ठेवत."

"बाईच्या हातचा खड्डा चालत नाई, मालूम नाई का तुले?"

"मानसाच्या हातचा खन मंग. तू खन. तुह्या नांगरामागं चालला तो. मी दमली, दादा. सकाळपासून इकडून तिकडे, तिकडून इकडे. आता माह्या पायात जीव नाई राहिला."

  लालसिंगनं पुढं होऊन तिच्या हातातून कुदळ काढून घेतली. ती रागानं घेतली की कशी, हे कुणालाच कळलं नाही.

तेवढ्यात शामकला आली. कुणीतरी तिला सांगितलं होतं, मारामारी झाली म्हणून. ती केस सुटलेल्या अवस्थेत धावत आली आणि भावासमोर येऊन थबकली. दोन वर्षांत पहिल्यांदा दोघं इतक्या जवळ उभे होते.

"देव परत काऊन केले?" लालसिंगनं विचारलं. एवढ्या लोकांसमोर, अशा वेळी, त्याच्या तोंडून हेच निघालं.

"फेकले तर नाई ना?" शामकला म्हणाली. "प्रार्थनेतले म्हनत होते नाल्यात सोड. तो रातभर झोपला नाई. नवी टोपली इनली. म्हने, दादाचे देव दादाकडे गेले पायजेत. तुले हाक मारनार होता. पन तू दार उघडशीन तवा त्याले तुह्या तोंडाकडे पाहाची हिंमत नाई झाली."

लालसिंगनं कुदळ जमिनीवर टेकवली. 

"माती इथंच होईन," तो शेवटी म्हणाला. "पन धरतीले मी दिल्याबिगर नाई."

"दारू नाई," शामकला म्हणाली.

पुन्हा तिथंच येऊन अडलं. पोरांत कुजबुज सुरू झाली. फुलवंता जमिनीवर बसली होती, तळहाताला फोड आले होते. तिनं खालूनच विचारलं, "दादा, दारू तू कोनाले देतेस? कवडूले का धरतीले?"

"धरतीले. आन पूर्वजांईले."

"मंग कवडूले आनाच्या आंधीच देऊन दे. रिकाम्या जागेले. तुहं धरतीशी जे बोलनं हाय ते बोलून घे. मंग तू सर, आन याईले येऊ दे."

लालसिंगनं शामकलाकडं पाहिलं. शामकला पास्टरकडं पाहत होती. तो पोरगा काटेरी कुंपणाशी उभा होता. त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. "हमारे सामने नहीं होना चाहिए," तो हळू म्हणाला. आणि मग आणखी हळू, "हम उधर देखेंगे. बाद में आएँगे."

"हे चालन काय?" उमेंद्र उसळला. "असं कोठी झालं हाय? उद्या कोनीही येईन!"

"भुमका मी हाय का तू?" लालसिंग म्हणाला. तो ओरडला नाही. पण उमेंद्रच्या मागची दोन-तीन पोरं तेवढ्यानंच मागं सरली, आणि त्यातल्या एकानं जाऊन बैलगाडी बाजूला ओढली.

खड्डा लालसिंगनं सुरू केला, पुढं पाच-सहा जण त्यात उतरले. तो पुरा झाल्यावर बाकीचे सगळे लांब गेले. लालसिंग एकटाच काठाशी बसून खूप वेळ बोलत होता, कधी मोठ्यानं, कधी पुटपुटत. फुलवंताला दोन-चार शब्द ऐकू आले. तो बापाला सांगत होता, तुझा जावई येतोय, तो दुसऱ्या वाटेनं गेला होता, त्याला ओळखून घ्या. मग त्यानं दारूचा द्रोण उपडा केला, वर कोरडी माती पसरली आणि तो चालू लागला. कवडूला आणलं तेव्हा तो तिथं नव्हता. प्रार्थना झाली, गाणं झालं, लाऊडस्पीकर नव्हता. गावातल्या काही बायांनी मूठमूठ माती टाकली. बरेच जण लांबूनच पाहत राहिले.

फुलवंताला वाटलं होतं, आता आपल्याला झोप लागेल. तसं झालं नाही. दुसऱ्याच दिवशी उमेंद्रनं मोबाइलवर टाकलं की भुमका विकला गेला. आजवर लालसिंगला बोलावणाऱ्या शेजारच्या दोन गावांनी पेरणीपूर्वीच्या पूजेला दुसऱ्या भुमकाला बोलावलं. तिकडं प्रार्थनेतल्या एका म्हाताऱ्यानं शामकलाला सगळ्यांसमोर सुनावलं की तू दारूच्या जमिनीत नवऱ्याला ठेवलंस. दोन्हीकडची कडू तोंडं फुलवंताच्या ओसरीवर येऊन बसायला लागली. भाऊ म्हणायचा, तुझ्यामुळे. बहीण काही म्हणायची नाही, पण यायचं टाळायची. आपण मिटवलं की नुसतं पुढं ढकललं, हे फुलवंताला सांगता येईना. ती पहाटेच उठून कामाला लागायची, आणि कामाच्या मधेच हात थांबायचे.

पेरणी झाल्यावर प्रार्थनेतल्या लोकांनी कवडूच्या मातीवर लाकडी क्रूस उभा केला. कुणाला विचारलं नाही. एका सकाळी तो नाहीसा झाला. फुलवंता आधी उमेंद्रच्या घरी गेली.

"म्या नाई काढला," तो म्हणाला. "काढाले पायजे होता, पन म्या नाई." मग म्हणाला, "तुमी सगळ्यांईच्या घरी जाता, मोठीमाय. आमच्या घरी पहिल्यांदा आल्या."

ते खरं होतं, आणि तिला ते फार लागलं. त्याच्या आईनं दिलेला काळा चहा ती बसून प्याली. उमेंद्रनं मग बरंच काही सांगितलं. आपली भाषा चालली, आपला देव चालला, कॉलेजात आपल्याला कुणी ओळखत नाही, आणि घरातलेच सोडून जातात तेव्हा काय करायचं.  तिनं फक्त विचारलं, "शामकलाले हे सांगशीन का? तिच्या तोंडावर? चिडल्याबिगर?" तो नाही म्हणाला नाही.

क्रूस नाल्याच्या झुडपात सापडला. मोडलेला नव्हता, नुसता आडवा ठेवलेला. कुणी ठेवला ते आजही माहीत नाही. फुलवंतानं तो उचलून घरी आणला आणि धान्याच्या कोठीमागं उभा केला. शामकला म्हणाली, लावून दे. गावातले म्हणाले, लावला तर बघू. तिनं दोघांनाही सांगितलं, दादाला विचारते. पण विचारायचं धाडस होईना.

एका दुपारी लालसिंग स्वतःच आला. चिखलाचे पाय दारातच धुतले.

"कोठी हाय ते लाकूड?"

तिनं दाखवलं. लालसिंग वाकला. नखानं थोडं खरवडून पाहिलं, वास घेतला.

"साजाचं हाय," तो म्हणाला.

साजा म्हणजे गोंडांच्या थोरल्या देवाचं, बडादेवाचं झाड. त्याच्या बुडाशी देव बसतो, ते कुणी उगाच तोडत नाही. ज्यानं क्रूस केला त्याला हे ठाऊक होतं की नव्हतं, ते फुलवंताला माहीत नव्हतं. भावाचा चेहरा वाचायचा तिनं प्रयत्न केला. राग होता का? की दुसरंच काही? त्याचा हात अजून लाकडावरच होता.

"मंग?" तिनं विचारलं.

"रोवनी होऊ दे. पाहू."

"पाहू म्हंजे का, दादा? लावाचं का नाई लावाचं?"

तो अंगणात उतरला आणि बांधीच्या वाटेला लागला. शामकला संध्याकाळी येणार होती, उमेंद्रलाही फुलवंतानंच बोलावलं होतं. त्यांना काय सांगायचं? तिनं चुलीवरचं भांडं खाली उतरवलं, पदर डोक्यावर घेतला आणि चिखलातून भावाच्या मागं मागं चालायला लागली.